मोटारीच्या विजेचा उस्ताद

नंदुरबार, शहादा, नवापूर, विसरवाडी, अक्कलकुवा यांपैकी कोणत्याही गावी मोठ्या रस्त्याच्या कडेला तुम्ही एक दुकान नक्कीच पाहिले असेल. दुकान कसले, पत्र्याची टपरीच म्हणा ना! बाहेर जुन्या बॅटऱ्या रांगेने मांडलेल्या असतात. आत भिंतीवर वायरची भेंडोळी टांगलेली असतात. फळीवर गाड्यांचे दिवे, हॉर्न आणि तांब्याच्या तारा गुंडाळलेले लोखंडी गोळे पडलेले असतात. पाटीवर ऑटो इलेक्ट्रिशियन असे लिहिलेले असते. अलीकडे पुष्कळ पाट्यांवर ए.सी.चे काम करून मिळेल, अशीही एक ओळ असते.

या दुकानात मराठी, अहिराणी, उर्दू, गुजराती अशा भाषा एकमेकींत मिसळून बोलल्या जातात. काम शिकवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात. गिऱ्हाइके येतात आणि तक्रारी सांगतात. कोणाच्या जीपचा सेल्फ फिरत नाही. कोणाची बॅटरी रात्रीतून उतरते. कोणाच्या गाडीत ए.सी. चालू असूनही घाम येतो. उस्ताद गाडीपाशी जातो, झाकण उघडतो आणि दुरुस्तीला लागतो. हा दुरुस्ती शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला.

या टपरीत ज्या वस्तू दुरुस्त होतात, त्यांतील बऱ्याच वस्तूंमागे एकाच माणसाचे डोके आहे. त्या माणसाचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. ते अमेरिकेत जन्मले आणि अमेरिकेतच वारले. कोंडाईबारीचा घाट त्यांनी कधी पाहिला नाही. पण त्या घाटात बंद पडलेली मोटार चावी फिरवताच पुन्हा सुरू होते, ती त्यांच्यामुळे. त्यांच्या हातून जगाचे मोठे हित झाले. त्यांच्या प्रयोगशाळेतून मोठे अहितही बाहेर पडले. दोन्ही गोष्टी तुम्हांला ठाऊक असायला हव्यात.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यात, लाउडनव्हिल या गावाजवळच्या एका शेतावर झाला. घरचा धंदा शेतीचा. मुलगा हुशार होता, पण त्याच्या मागे एक दुखणे लागले होते. त्याचे डोळे फार अधू होते. थोडे वाचले की डोके दुखू लागे. शाळा संपल्यावर त्याने खेड्यांतील शाळांत शिक्षकाची नोकरी केली. नंतर विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी तो ओहायो राज्य विद्यापीठात गेला. तेथे डोळ्यांनी दगा दिला आणि त्याला शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले.

आता करायचे काय? चार्ल्सने टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम धरले. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, खांबावर चढून तारा ओढायच्या. हे काम वाचण्याचे नव्हते, हातांचे होते. पुढे तो त्या टोळीचा मुकादम झाला. याच काळात त्याची ऑलिव्ह विल्यम्स या तरुणीशी ओळख झाली. ती टेलिफोन खात्यात काम करीत असे. १९०५ साली दोघांचे लग्न झाले.

तारांच्या कामाचा एक स्वभाव असतो. टेलिफोन बंद पडला, तर दोष कोठे आहे हे खोलीत बसून कळत नाही. तो दोष मैलोगणती तारेत एखाद्या गंजलेल्या जोडात लपलेला असतो. माणसाला उठून तेथे जावे लागते आणि एकेक जोड हाताने तपासावा लागतो. ज्याने हे काम काही वर्षे केले, त्याला अंदाजाने बोलण्याची सवय राहत नाही. केटरिंग यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्यात ही खूण दिसते.

उघड्या हवेत राहून डोळ्यांना थोडा आराम पडला. चार्ल्स पुन्हा विद्यापीठात गेला. सोबतचे विद्यार्थी पुस्तके मोठ्याने वाचत आणि तो ऐकून लक्षात ठेवी. असे करत १९०४ साली त्याने पदवी मिळवली. त्या वेळी त्याचे वय २७ वर्षांचे होते. सोबतच्या पोरांपेक्षा तो कितीतरी मोठा होता.

पदवी मिळताच केटरिंग डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत लागले. ही कंपनी दुकानातील गल्ल्याची यंत्रे बनवीत असे. किंमत नोंदवून गल्ल्याचा खण उघडायचा, तर तोपर्यंत हाताने जोर लावावा लागे. या यंत्राला विजेची मोटर जोडावी, असे काम केटरिंग यांच्याकडे आले.

येथे एक अडचण होती, ती नीट समजून घ्या. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिच्यात आहे. गल्ल्याचे यंत्र जड. ते फिरवायला ताकदवान मोटर हवी. ताकदवान मोटर म्हणजे आकाराने मोठी मोटर. ती गल्ल्याच्या पेटीत मावायची कशी? केटरिंग यांनी विचार केला, की पंख्याची मोटर तासन्‌तास चालते, म्हणून तिच्या तारा जाड असाव्या लागतात. नाही तर त्या तापून जळतील. पण गल्ल्याची मोटर दिवसभर थोडीच चालणार आहे? ती क्षणभर फिरेल आणि थांबेल. मग लहान मोटरला क्षणभरासाठी भरपूर वीज दिली तर? ती तापायच्या आत तिचे काम संपलेले असेल. १९०६ साली विजेवर चालणारा गल्ला तयार झाला आणि दुकानदारांचे श्रम वाचले.

याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचे एक अधिकारी होते. त्यांना मोटारींचा भारी नाद होता. त्यांनी केटरिंग यांना मोटारीच्या विजेकडे वळवले. डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते, त्यालाच त्यांनी कारखाना केले. दिवसा नोकरी आणि रात्री कोठारात काम, असा क्रम सुरू झाला. मदतीला कंपनीतले काही तरुण सहकारीही येत. १९०९ साली केटरिंग यांनी नोकरी सोडली आणि या मंडळींनी स्वतःची कंपनी काढली. तिचे लांबलचक इंग्रजी नाव कापून डेल्को असे छोटे नाव केले गेले. आजही गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांवर हे नाव कधी कधी वाचायला मिळते.

कोठारातले पहिले यश म्हणजे ठिणगी. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा पेटवण्यासाठी प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते. पूर्वीच्या बॅटरीवरच्या पद्धतीत बॅटरी लवकर संपून जाई. केटरिंग यांनी कॉइल आणि पॉइंट यांची अशी जोडणी केली, की नेमक्या वेळी एकच जोरदार ठिणगी पडावी आणि वीजही वाचावी. कॅडिलॅक कंपनीने या सामानाच्या ८,००० संचांची मागणी नोंदवली. कोठारातल्या मंडळींची काय धांदल उडाली असेल, याची कल्पना करा! आपल्याकडच्या अँबॅसिडर आणि प्रीमिअर पद्मिनी या गाड्या अनेक दशके याच तत्त्वावर धावल्या. जुने उस्ताद पॉइंट घासून द्यायचे, ते हेच पॉइंट.

पण केटरिंग यांचे नाव झाले ते सेल्फमुळे.

तुमच्या घरी वडीलधारी मंडळी असतील, तर त्यांना जुन्या जीपचे हँडल विचारा. गाडीच्या नाकात एक वाकडा लोखंडी दांडा घालायचा आणि अंगातली सगळी ताकद लावून तो गरकन फिरवायचा. इंजिन पेटले तर ठीक. पण ठिणगी जरा आधी पडली, तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर आदळे. अनेकांचे हात त्यात मोडले. म्हणून जाणती माणसे हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायला शिकवीत. म्हाताऱ्या माणसांना, अशक्तांना आणि पुष्कळशा स्त्रियांना पेट्रोलची मोटार एकट्याने चालवणे अवघडच होते. हेन्री फोर्ड हे जगातले एवढे मोठे मोटार कारखानदार. पण त्यांची पत्नी क्लारा स्वतः बॅटरीवर चालणारी गाडी वापरीत असे. त्या गाडीला हँडल मारावे लागत नव्हते.

कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. त्यांच्या ओळखीचा एक माणूस रस्त्यात बंद पडलेली गाडी सुरू करायला मदतीला धावला. हँडलचा झटका त्याच्या जबड्यावर बसला आणि त्या दुखण्यात तो पुढे दगावला. लेलंड यांच्या मनाला ते फार लागले. आपल्या गाड्यांना हँडल नको, असे त्यांनी ठरवले आणि केटरिंग यांना बोलावले.

त्या काळच्या जाणकारांचे मत असे होते, की इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान विजेची मोटर आकाराने जवळजवळ इंजिनाएवढीच होईल. ते चुकीचे बोलत नव्हते. सतत चालणाऱ्या मोटरचा हिशेब तसाच येतो. पण केटरिंग यांना गल्ला आठवला. इंजिन पेटायला लागतात दोन-चार सेकंद. तेवढ्यापुरती लहान मोटर पुरेशी होती. तिचे छोटे दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकाला लावायचे, तिला बॅटरीतून भरपूर वीज द्यायची आणि इंजिन पेटले की बाजूला व्हायचे. १९११ साली हे यंत्र तयार झाले आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या ते घेऊनच बाजारात आल्या. काही वर्षांतच बहुतेक मोटारींना सेल्फ आला आणि मोटार साऱ्या घराची झाली.

उस्ताद शागिर्दाला एक गोष्ट नेहमी बजावतो. सेल्फ पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. गाडी सुरू झाली नाही, तर थोडे थांबायचे आणि मग पुन्हा मारायचा. याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. ती मोटर मुळातच क्षणभराच्या कामासाठी बनवलेली आहे. घाईला आलेला ड्रायव्हर ती मिनिटभर फिरवत बसला, तर तिच्या तारा जळतात. सेल्फ जळाला, अशी तक्रार घेऊन मग तोच ड्रायव्हर टपरीवर येतो.

सेल्फपेक्षाही मोठी गोष्ट त्याच गाडीत होती. लोकांचे तिच्याकडे तितके लक्ष जात नाही. केटरिंग यांनी सेल्फ, दिवे, ठिणगी आणि बॅटरी यांना एका साखळीत बांधले. बॅटरी सेल्फला वीज देते. सेल्फ इंजिनाला फिरवतो. इंजिन सुरू झाले, की डायनामो फिरतो आणि त्याची वीज पुन्हा बॅटरीत जाते. कॅडिलॅकच्या त्या यंत्रात सेल्फचे आणि डायनामोचे काम एकच मोटर आळीपाळीने करीत असे. पुढे ही दोन यंत्रे वेगळी झाली आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. पण साखळी तीच राहिली. आज पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या गाडीत, ट्रकमध्ये, एस.टी. बसमध्ये तुम्हांला ती सापडेल. मोटारीची बॅटरी सहसा १२ व्होल्टची असते, ट्रक आणि बस यांत २४ व्होल्ट वापरतात, एवढाच फरक.

साखळी म्हटली, की तिचा एक गुण आणि एक खोड दोन्ही येतात. एक कडी तुटली, की दुखणे भलतीकडेच दिसते. समजा, एखाद्या गिऱ्हाइकाची बॅटरी उतरली. त्याने नवी बॅटरी घेतली. आठ दिवसांत तीही उतरली. तो बॅटरीवाल्याला दोष देत बसतो. पण दोष बॅटरीत नव्हताच. अल्टरनेटरचा पट्टा सैल झाला होता आणि बॅटरीत वीज परत जातच नव्हती. चांगला इलेक्ट्रिशियन आधी मीटर लावतो. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी सुरू केल्यावर आकडा १४च्या आसपास चढला, तर बॅटरी भरली जात आहे. चढलाच नाही, तर नवी बॅटरी घेऊन उपयोग काय? सेल्फ फिरत नसेल, तर तो आधी बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी साफ करतो, अर्थिंगची जाड पट्टी हलवून पाहतो आणि मगच सेल्फ उतरवतो. पुष्कळदा सेल्फ उतरवण्याची वेळच येत नाही आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात. असा उस्ताद ज्या नाक्यावर असेल, त्याच्या दारात गाड्यांची रांग लागलेली तुम्हांला दिसेल.

खुद्द केटरिंग यांच्यावर एकदा असाच खोटा आळ आला. इंजिनांतून खडखड असा ठोका ऐकू येऊ लागला. चढावर तो वाढे आणि इंजिनाची ताकद कमी होई. लोक म्हणू लागले, की हा दोष केटरिंग यांच्या ठिणगीचा आहे. केटरिंग यांनी वाद घातला नाही. त्यांनी थॉमस मिजली नावाच्या तरुण अभियंत्याला कामाला लावले. या मंडळींनी इंजिनाला एक पारदर्शक खिडकी बसवली आणि आत काय घडते ते पाहिले. ठिणगी वेळेवरच पडत होती. ठोका त्यानंतर, जळण्याच्या शेवटी होत होता. म्हणजे दोष विजेचा नव्हता, इंधनाचा होता.

आता त्यावर औषध शोधायचे होते. इंधन लाल रंगाचे केले, तर ते उष्णता लवकर शोषून घेईल, असे त्यांना वाटले. हाताशी लाल रंग नव्हता, म्हणून मिजली यांनी आयोडीन टाकले. ठोका थांबला! मग त्यांनी खरे लाल रंग आणून टाकले, तर काहीच फरक पडला नाही. कल्पना साफ चुकीची होती, पण तिने वाट दाखवली. रंगाने नव्हे, तर काही विशिष्ट पदार्थ मिसळल्याने ठोका थांबतो, हे कळले. आयोडीन महाग पडत होते. अनेक पदार्थ तपासून झाल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी मिजली यांना शिशाचे एक संयुग सापडले. ते थेंब-थेंब टाकले तरी ठोका बंद होत होता.

येथपर्यंत गोष्ट ऐकायला गोड वाटते. पुढची गोष्ट तशी नाही. शिसे हे विष आहे, ही माहिती त्या वेळी नवीन नव्हती. डॉक्टरांनी इशारे दिले. मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडले. १९२४ साली न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार मरण पावले. मरण्यापूर्वी त्यांना भ्रम झाला होता. दुसरे उपाय नव्हते असेही नाही. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळूनही ठोका कमी होतो, हे ठाऊक होते. तरी काही काळ थांबवलेली विक्री पुन्हा सुरू झाली. हे पेट्रोल विकण्यासाठी जी कंपनी निघाली, तिचे पहिले अध्यक्ष केटरिंग हेच होते. पुढे अनेक दशके जगभरच्या रस्त्यांवर मोटारींच्या धुरातून शिसे पडत राहिले. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ साली संपले. दोष कोठे आहे, हे अचूक ओळखणाऱ्या माणसाने औषध मात्र असे निवडले, की ते दुखण्यापेक्षा भयंकर ठरले. या बाबतीत केटरिंग यांना माफ करणे मला तरी जमत नाही.

एव्हाना डेल्को कंपनी जनरल मोटर्स या प्रचंड कंपनीत सामील झाली होती. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग त्या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. या काळात किती कामे झाली! गाडीचा रंग वाळायला पूर्वी आठवडे लागत, तो काही तासांत वाळू लागला. रेल्वेसाठी हलकी डिझेल इंजिने तयार झाली. त्यांचे अपयशही मोठे होते. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याचे पंख असलेले एक इंजिन त्यांनी शेव्हरोले गाडीत बसवले. ते तापू लागले आणि १९२३ साली विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. केटरिंग यांना इतके वाईट वाटले, की ते नोकरी सोडायला निघाले होते.

आता टपरीवरच्या पाटीच्या दुसऱ्या ओळीकडे, म्हणजे ए.सी.कडे वळू.

तुमच्या घरी उन्हाळ्यात पाण्याचा माठ असतो. माठातून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडून जाते आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. नंदुरबारच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला, तरी माठातले पाणी गार लागते, ते यामुळे. ए.सी.मध्येही हेच घडते. फरक इतकाच, की माठातले पाणी उडून जाते आणि ए.सी.मधला पदार्थ बंद नळ्यांत फिरत राहतो. तो गाडीच्या आतल्या भागात वायू होतो आणि तेथली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. गाडीच्या पुढच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो. या पदार्थाला आपण गॅस म्हणतो.

पूर्वी थंडाव्याच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असे वायू वापरीत. नळी फुटली, तर घरातली माणसे गुदमरत, कधी मरतही. जनरल मोटर्सची एक शाखा शीतकपाटे बनवीत असे. माणसाला विषारी नसलेला आणि पेट न घेणारा वायू शोधा, असे काम केटरिंग यांनी मिजली यांच्याकडे सोपवले. मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली तो शोधला. त्याचे नाव फ्रिऑन. १९३० साली शास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, या दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध झाल्या. १९३९ साली पॅकार्ड कंपनीने ए.सी. असलेली मोटार लोकांना दाखवली. पुढे मोटारींच्या ए.सी.त आर-१२ या नावाचा फ्रिऑन घराघरांत, देशोदेशी पोहोचला.

हा वायू इतका टिकाऊ होता, की तो सहजासहजी नष्ट होत नसे. तेच त्याचे वैगुण्य ठरले. गळालेला वायू वर वर जात राहिला. पृथ्वीभोवती उंचावर ओझोन वायूचा थर आहे. तो सूर्याचे घातक किरण अडवतो. फ्रिऑनमधला क्लोरीन हा थर खातो, असे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवले. १९८५ साली दक्षिण ध्रुवावर ओझोनचा थर फार विरळ झाल्याचे जाहीर झाले. १९८७ साली माँट्रिअल येथे राष्ट्रांनी करार केला. भारत त्या करारात १९९२ साली सामील झाला. आता मोटारींत आर-१२ वापरत नाहीत. त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वीची उष्णता वाढवतो, म्हणून त्यालाही हळूहळू निरोप दिला जात आहे.

शिशाचा दोष आणि फ्रिऑनचा दोष मी एका तराजूत घालणार नाही. शिशाबद्दल इशारा मिळाला होता. फ्रिऑनबद्दल कोणालाच ठाऊक नव्हते. मिजली १९४४ साली वारले आणि १९७४ साल पाहायला केटरिंगही उरले नव्हते.

पण आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ए.सी.चे काम करणाऱ्याने नळी सोडून गॅस हवेत उडवून देऊ नये. तो यंत्राने टाकीत ओढून घ्यावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ए.सी.चा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. तो बंद नळ्यांत असतो. फार कमी झाला, तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारा माणूस पुढच्या उन्हाळ्यात तुम्हांला पुन्हा बोलावतो! जाणता कारागीर साबणाचा फेस लावून जोड तपासतो, रबरी कडी बदलतो, नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने काढून टाकतो आणि मग मोजून गॅस भरतो. कित्येकदा तर गॅस पुरेसा असतो. नंदुरबारच्या मोकळ्या रानांत मिरच्या वाळत असतात, त्या दिवसांतल्या वाऱ्याबरोबर उडालेली धूळ पुढच्या जाळीत बसलेली असते, किंवा जाळीमागचा पंखा एका फ्यूजमुळे बंद असतो. म्हणून ए.सी.चे काम शिकणाऱ्याला विजेचे काम यावेच लागते.

केटरिंग यांच्याकडे पुढे पुष्कळ पैसा आला. पत्नी ऑलिव्ह १९४६ साली कर्करोगाने गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४५ साली, न्यूयॉर्क येथे कर्करोगाच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली होती. तिला केटरिंग आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेड स्लोन यांची नावे आहेत. ही संस्था आजही मोठे काम करते. गवत हिरवे का असते आणि झाडे उन्हापासून अन्न कसे करतात, या प्रश्नाने केटरिंग यांना शेवटपर्यंत झपाटले होते. त्यासाठी त्यांनी संशोधकांना कामाला लावले. स्वतःही ते प्रयोग पाहायला जात. ते कोडे मात्र त्यांच्या हयातीत पुरते सुटले नाही.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दीडशेहून अधिक शोधांची पेटंट त्यांच्या नावावर होती. डेटनला लागून असलेल्या ज्या वस्तीत त्यांचे घर होते, ती १९५० च्या दशकात वेगळे शहर झाली. त्या शहराचे नाव केटरिंग आहे.